मामा, युनिव्हर्सिटीत काय शिकवता?

पत्र थोडक्यात:

डिचोली तालुक्यातून एका गृहस्थांनी लिहिलं आहे. वय ४७. मराठी घेऊन बी.ए. झाले आणि १९९९ पासून सहा वर्षं कळंगुटच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर होते. वडील आजारी पडले म्हणून घराजवळच्या खाण कंपनीच्या ऑफिसात आले. तिथे ट्रकांच्या खेपांची ट्रिपशीट आणि वजनकाट्याच्या नोंदी बघायचे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. मग एका मराठी दैनिकात उपसंपादक. तिथली माणसं कमी केली तेव्हा हेही गेले. त्यानंतर विमा आणि जोडीला टूर-ट्रॅव्हल्स. कोविडमध्ये तेही बसलं. आता चौथं वर्ष गोव्यातल्या एका विद्यापीठात, एका विभागाच्या कोर्स ऑफिसात कंत्राटी सहायक. अकरा महिन्यांचं पत्र, एक दिवसाचा ब्रेक, पुन्हा अकरा महिने. वेळापत्रक, हजेरी, गुण, परीक्षेचे फॉर्म, मुलांच्या तक्रारी हे सगळं त्यांच्याकडे.

चवथीला जेवणाच्या पंगतीत भाच्यानं विचारलं, "मामा, तुम्ही युनिव्हर्सिटीत काय शिकवता?" ह्यांना उत्तर सुचलं नाही. त्याआधी विभागाच्या निरोप समारंभात प्राध्यापकांची एकेक नावं घेऊन झाल्यावर ह्यांची ओळख झाली ती "आणि हे आमच्या ऑफिसातले" एवढीच. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. आता त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत. एम.ए., नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पीएचडी करून शिकवायला लागावं. मोपा विमानतळाजवळच्या हॉटेलात मित्र देतो आहे ती फ्रंट ऑफिसची नोकरी घ्यावी, तिथे दहा हजार जास्त मिळतात. नाहीतर आहे तिथेच राहावं. पत्नी प्राथमिक शिक्षिका, मुलगी अकरावीत. "पाच धंदे केले, एकात टिकलो नाही. माझ्यातच काही खोट आहे का?" असं ते विचारतात.

नमस्कार.

आठ पानांचं पत्र, हस्ताक्षर सुरेख, एकही काना-मात्रा चुकलेली नाही. उपसंपादकाचा हात लपत नाही. निम्मी पानं भाच्याच्या प्रश्नावर आणि समारंभातल्या त्या एका वाक्यावर गेली आहेत. सहाव्या पानावर मात्र एक परिच्छेद आहे, तो तुम्ही 'असो' म्हणून मिटवून टाकलात. मी तो तीनदा वाचला. बाकीच्या वाचकांना तो ठाऊक नाही, म्हणून आधी तो सांगते.

सत्तरी तालुक्यातली एक विद्यार्थिनी. एम.ए.चा शेवटचा निकाल लागला आणि तिच्या नावापुढे 'राखून ठेवला' असं आलं. दोन वर्षांची ८० क्रेडिट हवीत, खात्यावर ७६. चार क्रेडिटचा एक विषय तिनं दुसऱ्या विभागात जाऊन केला होता, त्यात पासही झाली होती, पण ते चार कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नाही. बेळगावच्या एका कॉलेजानं तिला तासिका तत्त्वावर शिकवायला बोलावलं होतं आणि निकालाचा कागद शुक्रवारपर्यंत मागितला होता. ती तुमच्या टेबलापुढे आली तो मंगळवार.

तुम्ही आधी तिचं आडनाव बघितलंत. आडनाव मी बदलून लिहिते: आधारवर परब, दहावीच्या मार्कशीटवर पोर्तुगीज वळणाचं पोरोब. गोव्यात हे घरोघरी आहे. कामतांचे कुठे कामोतीं होतात, नाईकांच्या शेवटी एका भावाला 'के' आणि दुसऱ्याला 'क्यू-यू-ई' लागतं. माणसाला कळतं की घर एकच, कॉम्प्युटरला कसं कळणार? क्रेडिट जमा होतात ते तिचं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं (एबीसीचं) खातं आधारवरून उघडलेलं, म्हणजे परब. दुसऱ्या विभागानं नाव मार्कशीटवरून घेतलेलं, म्हणजे पोरोब. एका मुलीच्या दोन मुली झाल्या, एकीकडे ७६ आणि दुसरीकडे चार. तो विषय शिकवणारे पाहुणे प्राध्यापक केव्हाच परत गेलेले. तुम्ही दोन संध्याकाळी थांबून त्या विभागाचं जुनं हजेरीपत्रक काढलंत, त्यातली तिची सही आणि फॉर्मवरची सही शेजारी ठेवलीत. पाहुण्यांनी सही केलेल्या गुणपत्रकाची झेरॉक्स तुमच्याच फाइलीत निघाली. ती ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं. एक पानाचं टिपण लिहून, विभागप्रमुखांची सही घेऊन तुम्ही ते स्वतः परीक्षा विभागात नेलंत. गुरुवारी चार वाजता निकाल सुटला.

आणि मग तुमची ओळ: 'खाणीवर असताना सवय लागली होती, कॉपी ठेवल्याशिवाय कागद हातचा सोडायचा नाही. असो.'

त्या 'असो'शी माझं भांडण आहे.

आता इथे मी असं म्हणावं अशी तुमची अपेक्षा असेल की हॉटेलनं तुम्हाला गोड बोलायला शिकवलं, पेपरनं वेळ पाळायला शिकवलं, विम्यानं चिकाटी दिली आणि सगळं मिळून तुम्ही या खुर्चीसाठीच घडलात. मी नाही म्हणणार. बायोडेटा सजवून देणारे लोक हे चाळे करतात. हॉटेलातली सहा वर्षं तुम्ही पगारासाठी काढलीत, कुठल्याही भविष्यासाठी नाही. पण ती झेरॉक्स खरी आहे. ट्रक काट्यावरून गेला की परत येत नाही, राहतो तो कागद, हे ज्यानं सात वर्षं रोज बघितलं त्यानंच ती ठेवली असती. पीएचडी केलेल्या माणसानं ठेवली असतीच असं नाही, आणि ठेवली नाही म्हणून कुणी त्याला बोल लावला नसता.

'एकात टिकलो नाही' हे तुमचं दुसरं वाक्य. जरा हिशेब करूया. हॉटेल तुम्ही सोडलंत, वडिलांसाठी. खाण तुम्ही सोडली नाहीत. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणकाम थांबवलं, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. एप्रिल २०१४ मध्ये ती बंदी उठली, लोकांनी पुन्हा ट्रकांना रंग दिले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द होऊन १६ मार्चपासून सगळं पुन्हा ठप्प. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या किती घरांच्या अंगणात ते ट्रक झाकून उभे राहिले हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघितलंत. त्यातल्या कुणाला तुम्ही 'धरसोड वृत्तीचा' म्हणाल? शेजारचा ट्रकवाला आज भाजीचा टेम्पो चालवतो, त्याला कुणी विचारत नाही की बाबा तू टिकला का नाहीस. पेपरनं माणसं कमी केली, तुम्ही राजीनामा दिला नाहीत. टूरचा धंदा कोविडनं बसवला. पाचांतला एक तुमच्या मनानं सुटला, तोही वडिलांच्या आजारपणापायी. खोट शोधायचीच असेल तर दुसरीकडे शोधू.

तुम्ही पत्रात 'कारकुनी' हा शब्द शिवीसारखा वापरला आहे. मूळ फारसी शब्दाचा अर्थ काम करणारा, एवढाच. आपल्या गावांत कोमुनिदादीचा, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा, एस्क्रिव्हांव (लेखनिक) असतो, बघितला असेल तुम्ही. समितीचे अध्यक्ष येतात नि जातात, पण जमिनीचा कुठला तुकडा कुणाच्या नावे हे विचारायला लोक त्याच्याच दारी. त्याला कुणी 'फक्त लिहिणारा' म्हणत नाही. उलट थोडे घाबरूनच असतात.

थोडं माझं सांगते. मी पदवीधर झाले तेव्हा गोवा विद्यापीठ नव्हतं. ते १९८५ मध्ये आलं. त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. परीक्षेच्या फॉर्मात मी स्वतःच आडनाव एका तऱ्हेनं लिहिलं, जन्मदाखल्यावर होतं दुसऱ्या तऱ्हेनं. चूक पूर्ण माझी. ते निस्तरायला बाबा रात्रभराच्या बसनं मुंबईला गेले, दोन दिवस खिडकीपुढे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीमागच्या माणसानं त्यांना आत बोलावून स्टूल दिलं, जाडजूड रजिस्टर काढलं, माझी ओळ शोधली आणि समोरच दुरुस्तीचा कागद करून दिला. वर चहा पाजला. बाबा गेले तोवर त्याची आठवण काढत, 'तो खिडकीतला' असं म्हणत. नाव विचारायचं राहून गेलं होतं. तुमच्या पत्रातलं 'हे आमच्या ऑफिसातले' वाचलं तेव्हा मला तो खिडकीतला आठवला. परब आणि पोरोब एक करणाऱ्या माणसाचं स्वतःचं नाव मंचावरून घ्यायचं राहिलं याचं तुम्हाला वाईट वाटलं, ते अगदी रास्त आहे. त्याला अहंकार म्हणू नका. पण त्या एका वाक्यावरून एवढा मोठा निष्कर्ष काढायची घाईही करू नका. बोलणारा तुम्हाला हिणवत होता की त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर तुमचं नाव नव्हतं? समारंभाची चिठ्ठी कुणी केली होती? माझा अंदाज, तुम्हीच. आणि त्यात स्वतःचं नाव घातलं नव्हतं.

आणखी एक. मंचावर ज्यांची नावं घेतली त्यांत तासिका तत्त्वावर शिकवणारे किती होते? दर सत्राला नवं पत्र, सुट्टीत मानधन नाही, अशी पीएचडी झालेली मंडळी आज गोव्याच्या कॉलेजांत कमी नाहीत. तुम्ही ज्या पायरीकडे मान वर करून बघता आहात तिथला माणूस कदाचित तुमच्या अकरा महिन्यांच्या पत्राकडे बघत असेल.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोन प्रश्नांची एक गाठ मारली आहे. काम लहान आहे का, हा एक. सौदा लहान आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर त्या गुरुवारी चार वाजता मिळालं, माझ्याकडून वेगळं कशाला हवं? दुसरा मात्र खरा आहे आणि तो तुम्ही आठ पानांत नीट मांडलेलाच नाही. सौदा वाईट असला की माणूस हळूहळू कामालाच नावं ठेवायला लागतो. उलटंही होतं, 'तुम्ही तर विभागाचा कणा' असं कुणी म्हटलं की सौद्याचं बोलायला जीभ उचलत नाही. कौतुक ऐकून घ्या, पण त्यावर दुधाचं बिल भागत नाही.

शिकवायला जावं का, याबद्दल आधी आकडे. तुम्ही बी.ए. आहात. एम.ए.ची दोन वर्षं, त्यात ५५ टक्के हवेत. मग नेट, किंवा पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं ती सेट. सहायक प्राध्यापकपदाच्या नेटला वयाची अट नाही, हे खरं. पीएचडी कमीत कमी तीन वर्षं, नेहमीची कमाल सहा. सगळं सुरळीत झालं तरी त्रेपन्न-चोपन्नाव्या वर्षी तुम्ही तासिका तत्त्वाच्या रांगेत, पंचविशीतल्या मुलांच्या मागे. तरीही मी नको म्हणाले नसते, जर तुम्हाला शिकवायचं असतं. पण तुमच्या पत्रात 'शिकवायला आवडेल' असं एकदाही आलेलं नाही. 'प्राध्यापक' हा शब्द अकरा वेळा आला आहे, मी मोजला. भाच्याला द्यायला एक उत्तर हवं म्हणून सहा-सात वर्षं खर्चू नका. एम.ए. मात्र करावंसं वाटत असेल तर जरूर करा, मराठीत करा, स्वतःसाठी करा. आणि कामाला जोड हवी असेल तर इग्नूतून लोकप्रशासनात एम.ए. करता येतं, नोकरी सांभाळून. उद्या कुठे प्रशासनातली वरची जागा निघाली तर ते उपयोगी पडेल, पण जाहिरातीतली वयोमर्यादा आधी वाचा. पुष्कळ जण फी भरून झाल्यावर वाचतात.

मोपाची नोकरी. ती मी झिडकारत नाही. मुलगी अकरावीत आहे, दोन वर्षांनी तिचा खर्च येणार, दहा हजार ही महिन्याला मोठी रक्कम आहे आणि 'पैशापेक्षा समाधान मोठं' असं दुसऱ्याच्या पैशाबद्दल मी लिहीत नसते. पण मित्राला चार गोष्टी विचारा आणि उत्तरं कागदावर घ्या. पगार जूनपासून सप्टेंबरपर्यंतही तोच का? रात्रपाळी महिन्यात किती? पीएफ कापतात का? मित्र उद्या तिथून गेला तर तुमचं पद राहतं का? विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून त्या बाजूला हॉटेलं उठताहेत खरी, पण रात्री-अपरात्रीची विमानं म्हणजे रात्री-अपरात्रीचे पाहुणे. तुम्ही फ्रंट ऑफिस सोडलंत तेव्हा सत्तावीस वर्षांचे होतात. एक करा, एखाद्या शनिवारी रात्री अकरानंतर त्या लॉबीत दोन तास नुसते बसून या. पाय काय म्हणतात ते ऐका. दुसऱ्या दिवशी दुपारी निर्णय घ्या, त्या रात्री नको.

राहायचं ठरलं तर नुसते बसून राहू नका. हे इतर वाचकांसाठीही आहे, कारण तुमच्यासारखी खुर्ची कॉलेजात, हायर सेकंडरीत, इस्पितळात पुष्कळांची आहे आणि तिच्यावर बसलेले लोक मलाच पत्रं पाठवतात.

पहिलं काम: नेमणुकीच्या पत्रावर तुमचं पद काय लिहिलं आहे ते बघा आणि प्रत्यक्ष काय करता ते शेजारी लिहा. माझी खात्री आहे, पत्रात दोन ओळी निघतील आणि शेजारी दोन पानं. ती दोन पानं पुढचं नूतनीकरण यायच्या निदान सहा आठवडे आधी विभागप्रमुखांना द्या. रडगाणं नको, उपसंपादकाच्या भाषेत द्या: इतके विद्यार्थी, इतके विषय, प्रत्येक सत्रात आयएसएची (सत्रातल्या चाचण्यांची) आणि एसईएची (सत्राअखेरच्या परीक्षेची) इतकी गुणपत्रकं, इतक्या तक्रारी सोडवल्या. त्या मुलीचं प्रकरण नाव न घेता चार ओळींत घाला. मागणी एकच ठेवा, दोन नकोत. पगार वाढवणं त्यांच्या हातात बहुधा नसेल. पदाचं नाव बदलणं, कामाची यादी लेखी देणं, परीक्षेच्या कामाचं मानधन लावणं यातलं काहीतरी असेल. जे त्यांच्या हातात आहे तेच मागा, नाहीतर फाइल वर जाते आणि वरच राहते.

दुसरं, पीएफ. इतक्या ठिकाणी नोकरी केलेला माणूस याकडे हटकून दुर्लक्ष करतो. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, आला २०१४ मध्ये. तुमचं हॉटेल आणि खाण त्याआधीची. ती खाती कुठे पडून आहेत का? पीएफच्या पेन्शनला एकूण दहा वर्षांची सेवा लागते आणि ती एकाच मालकाकडची असावी लागत नाही. हॉटेलची सहा आणि खाणीची सात मिळून तेरा होतात, जर नोकरी सोडताना पेन्शनचे पैसे काढून घेतले नसतील तर. काढले असतील तर ती वर्षं गेली. जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या, नेमणुकीची पत्रं, जे सापडेल ते घेऊन पणजीच्या पीएफ ऑफिसात एक सकाळ घालवा. कॉपी ठेवणाऱ्या माणसाला हे मी सांगायला नको, पण दुसऱ्यांच्या कागदांना जपणाऱ्याचे स्वतःचे कागद माळ्यावर पावसात भिजत असतात, असा माझा अनुभव आहे. त्या एक दिवसाच्या ब्रेकचं काय, तो सलग सेवा मोडतो का, हे ऑफिसातल्या मित्रांना विचारू नका. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारा.

तिसरं मला मनापासून सुचवायचं आहे. एक वही करा. प्रवेशापासून निकालापर्यंत वर्षभरात काय केव्हा होतं, कुठे अडतं, कुणाकडे जावं लागतं. चवथीच्या सुट्टीआधी कुठल्या सह्या घेतल्या नाहीत तर पंधरा दिवस जातात, तेही. आज हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. तुम्ही राहिलात तरी वही लागेल, मोपाला गेलात तरी. आणि तिचं पहिलं पान नावाचं असू द्या. प्रवेशाच्या दिवशीच दहावीची मार्कशीट, आधार आणि एबीसीचं खातं शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवायचं, फरक असेल तर तिथेच अर्ज घ्यायचा. तुमच्या विभागात हे पान भिंतीवर लावा. आई-वडील वाचत असतील तर त्यांनाही सांगते: घरी आज रात्री बघा. शेवटच्या सत्रात कळलं तर सगळीकडे मंगळवार ते गुरुवार धावणारा माणूस असेलच असं नाही.

मंचाचं राहिलं. पुढच्या समारंभाची चिठ्ठी तुम्हीच कराल, तेव्हा त्यात तुमचं नाव आणि पद लिहा. शेवटी लिहिलंत तरी चालेल. शिपाई आणि सफाईवाल्या बाईंचंही लिहा, त्या कधीपासून आहेत ते विचारून. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

भाच्याला काय सांगायचं ते मी सांगणार नाही. तो नववीत आहे म्हणता. पुढच्या सुट्टीत एक दिवस ऑफिसात घेऊन जा आणि निकालाच्या आठवड्यातली रांग दाखवा.

आता एका गोष्टीवर मी तुमच्यावर रागावले आहे. सातव्या पानावर तुम्ही अभिमानानं लिहिलं आहे की दोन सरांचे पासवर्ड तुमच्याकडेच असतात, त्यांचे गुण तुम्हीच भरता, त्यांना कॉम्प्युटरचा कंटाळा. शिवाय मुलांच्या आधारचे फोटो तुमच्या मोबाईलवर येतात. अहो, एका गुणावरून उद्या एखादा पालक वकील घेऊन आला, तर नोंद सरांच्या नावाची असेल, हात तुमचा असेल आणि पत्र अकरा महिन्यांचं असेल. कोण वाचेल, सांगा बरं? ट्रिपशीटवर दुसऱ्याच्या नावानं तुम्ही कधी सही केली असती का? सरांना म्हणा, गुण मी वाचून दाखवतो, भरा तुम्ही, मी शेजारी बसतो. नसेलच जमत तर तुमच्या नावाचं वेगळं लॉगिन लेखी मागा. कामाच्या यादीत तेही येईल आणि सौद्याला वजनही येईल. आणि मोबाईलवरचे ते फोटो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घेऊन फोनमधून पुसून टाका.

एम.ए., मोपा, वही, सगळं सावकाश ठरवा. पासवर्डचं मात्र उद्याच.